या डिव्हाइसचं ऐका

माणूस आयुष्यभर बोलतो, पण आपला आवाज जगाला कसा ऐकू येतो हे त्याला मरेपर्यंत कळत नाही, ही मानवजातीची एक थोर शोकांतिका आहे. कुलूप संग्रहालयाच्या गाईडसाहेबांना ती रविवारी सकाळी चहा पिताना जाणवली. त्याआधी पन्नाशी उलटेपर्यंत ती त्यांना जाणवली नव्हती, आणि मानवजातीचंही त्यामुळे काही अडलं नव्हतं.

शोकांतिकेची सुरुवात झाली शुक्रवारी. संग्रहालयाच्या संचालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून साबणाच्या वडीएवढा एक काळा डबा दाखवला. डब्याला वायर, वायरीच्या टोकाला कानात घालायची दोन बोंडं, आणि अंगावर आकड्यांची बटणं. यापुढे येणारा प्रत्येक जण हा डबा गळ्यात अडकवून हिंडणार, ज्या कुलपासमोर उभा राहील त्याचा आकडा दाबणार आणि डबा त्याच्या कानात माहिती ओतणार.

"आणि मी?" गाईडसाहेबांनी विचारलं.

"तुम्ही तिकीट खिडकीत. पगार तोच, बसून काम. गुडघ्यांना आराम."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत."

"मग तर काय, छानच," संचालक म्हणाले. वरिष्ठांची समजूत अशी लवकर पटते.

"पण डब्यात बोलणार कोण?"

"कंपनी तयार आवाज देते. बाईचा आहे, कंप्युटरवर बनवलेला. गोड आहे हो. पण म्हटलं, इतकी वर्षं तुम्ही बोलताय, तर एकदा तुमचाही बघू. रविवारी संध्याकाळपर्यंत एक नमुना पाठवा. बरा वाटला तर तुमचा, नाहीतर बाईचा."

ही 'बाई' गाईडसाहेबांच्या जिव्हारी लागली. संग्रहालयाच्या चारही दालनांत आजवर त्यांचाच आवाज घुमला होता. तिजोरीचं कुलूप, बेडीचं कुलूप, देवडीचं कुलूप, एका संशयी नवऱ्याने बनवून घेतलेलं शिंकाळ्याचं कुलूप, या सगळ्यांना बोलायला शिकवलं ते त्यांनी. आणि आता जिने जन्मात कुलूप पाहिलं नाही, किंबहुना जिचा जन्मच झालेला नाही, अशी एक बाई त्या दालनांत बोलणार, आणि आपण खिडकीत बसून सुटे परत देणार! नमुना उत्तम व्हायलाच हवा होता.

शनिवारी ते मेव्हण्याच्या कंप्युटरच्या दुकानातून एक माइक उसना घेऊन आले. त्याला पाय होता आणि डोक्यावर काळ्या स्पंजाचा गोळा होता. रविवारी सकाळी त्यांनी तिजोरीच्या कुलपाची माहिती घसा खाकरून, थांबे घेऊन, योग्य ठिकाणी आवाज खाली आणून रेकॉर्ड केली, आणि ऐकायला बसले.

स्पीकरमधून कोणीतरी एक पातळ आवाजाचा गृहस्थ घाईघाईने, थोडा नाकातून, बोलत होता. नळाला पाणी आलं नाही अशी तक्रार करावी तसा तो तिजोरीबद्दल बोलत होता.

"हा कोण?" गाईडसाहेबांनी विचारलं.

"तुम्हीच," पेपरामागून त्यांची बायको म्हणाली.

त्यांची बायको दातांची डॉक्टर. दिवसभर तिच्यासमोर तोंड उघडून बसलेल्या माणसांना उलट बोलता येत नसल्यामुळे तिच्या बोलण्यात निकालाचा एक सूर आलेला होता.

"शक्य नाही," गाईडसाहेब म्हणाले. "रेकॉर्डिंगमध्ये आवाज दाबला जातो. साठवलेली वस्तू ती, शिळीच असणार. मला आवाज ताजा ऐकायला हवा. इकडे तोंडातून निघाला की तिकडे स्पीकरमधून बाहेर. मध्ये साठवणूक नाही." आणि त्यांनी मेव्हण्याला फोन लावला.

"होतं की, भाऊजी," मेव्हणा म्हणाला. "कंप्युटरमध्येच सोय आहे. खाली कोपऱ्यात, घड्याळाशेजारी स्पीकरचं चित्र दिसतंय? त्यावर माउसचं उजवं बटण दाबा."

"उजवं म्हणजे माझं उजवं की माउसचं?"

"माउसला काय वेगळं उजवं असतं?"

"तो माझ्याकडे तोंड करून बसलाय असं धरलं, तर असतं."

मग मेव्हणा म्हणाला, "तुमचं उजवं, भाऊजी."

पुढचा प्रवास गाईडसाहेबांना मनापासून आवडला. एका दाराच्या आत दुसरं दार, त्याच्या आत तिसरं, हा तर त्यांचाच विषय. साउंड सेटिंग्ज उघडल्या. तिथे पार तळाशी 'मोअर साउंड सेटिंग्ज' होतं, ते दाबल्यावर एक जुन्या वळणाची लहान चौकट आली. इतकं नवंकोरं घर आणि आत माजघर अजून आजोबांच्या वेळचं, तशी. चौकटीत 'रेकॉर्डिंग' नावाचा टॅब, आणि त्यात दोन माइक.

"दोन कसे? मी तर एकच आणला."

"एक तुमच्या कॅमेऱ्यातला. आपला कुठला ते बघायला स्पंजावर नख घासा. ज्याची हिरवी पट्टी उड्या मारेल तो आपला."

गाईडसाहेबांनी नख घासलं. पट्टी उडाली. पुन्हा घासलं, पुन्हा उडाली. मग त्यांनी हनुवटी खाजवून पाहिली, बोटं मोडून पाहिली, नुसता श्वास सोडून पाहिला. श्वासालाही एक हिरवी रेघ उठत होती. श्वासाची दखल घेतली जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर प्रथमच येत होता.

"भाऊजी? आहात ना?"

"थांब रे. बघतोय."

"बघून झालं की त्यावर डबल क्लिक करा. वर 'लिसन' असा टॅब आहे. त्यात एक रिकामा चौकोन. 'लिसन टु धिस डिव्हाइस', म्हणजे या डिव्हाइसचं ऐका. त्यात टिक करा आणि अप्लाय."

"कोणाचं तरी ऐका, एवढंच मी लग्नापासून म्हणतेय," पेपरामागून आवाज आला.

"पण भाऊजी, दाबायच्या आधी स्पीकरचा आवाज जरा कमी..."

गाईडसाहेबांनी अप्लाय दाबलं.

प्रथम एक बारीक शीळ उठली. मग तिला धार आली. मग ती अशी काही किंचाळली, की खिडकीच्या काचा थरथरल्या, गाईडसाहेबांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान सोडून माइकचे कान धरले, आणि वरच्या मजल्यावर कोणाची तरी खुर्ची सरकली. बायकोने उठून स्पीकरचं चाक खाली फिरवलं.

"माझ्या खुर्चीत आजवर कोणी असं ओरडलेलं नाही," ती म्हणाली. "आणि मी अक्कलदाढा काढते."

मेव्हण्याने फोनवरून समजावलं. माइक जे ऐकतो ते स्पीकरला सांगतो, स्पीकर ते मोठ्याने बोलतो, ते माइक परत ऐकतो आणि पुन्हा स्पीकरलाच सांगतो. दोघं एकमेकांना दुजोरा देत बसतात आणि आवाज चढत जातो. गाईडसाहेबांना संग्रहालयाच्या बैठका आठवल्या आणि मुद्दा पटकन समजला. माइक टेबलाच्या या टोकाला आला, स्पीकरचं तोंड भिंतीकडे गेलं, आवाज बेताचा झाला. "जमलं ना? मग मी आता जेवतो आणि झोपतो," असं म्हणून मेव्हण्याने फोन ठेवला.

खोली शांत झाली, म्हणजे झाली असं वाटलं. कारण आता स्पीकरमधून खोली ऐकू येऊ लागली. गाईडसाहेब हलले तशी त्यांची खुर्ची कुरकुरली, आणि किंचित मागून तीच कुरकुर भिंतीकडून आली. बायकोने पेपराचं पान उलटलं, ते दोनदा उलटलं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. तो ठिबकतो हे या घरात कोणालाच माहीत नव्हतं. गाईडसाहेबांनी वायर पुरेल तिथपर्यंत माइक हिंडवला. भिंतीपाशी, कपाटापाशी, फ्रिजच्या पोटापाशी. फ्रिज मध्येच एक सुस्कारा टाकतो, असा शोध त्यांना लागला.

"बाईसाहेब, फ्रिज उसासे टाकतो."

"त्याचीही काही कारणं असतील. तुम्ही नमुन्याचं बघा. संध्याकाळ होत आली."

गाईडसाहेब माइकसमोर ताठ बसले. "नमस्कार," ते म्हणाले.

"नमस्कार," पळभराने स्पीकर म्हणाला.

"नमस्कार," गाईडसाहेबांनी सवयीने उत्तर दिलं, आणि तेही परत आल्यावर थांबले. मग त्यांनी तिजोरीच्या कुलपाला हात घातला. "हे कुलूप बनवणाऱ्या लोहाराने..." इथवर आले तोवर मागून "हे कुलूप" येऊन पोचलं. ते ऐकायला त्यांची जीभ थबकली. "लो... लोहाराने याला ती... ती... तीन चाव्या..." भिंतीकडचा गृहस्थ त्यांच्या पावलावर पाऊल टाकून येत होता आणि अडखळत होता. सावकाश बोलून पाहिलं, तर तो शब्दाच्या मधोमध शिरला. भरभर बोलून त्याला मागे टाकायचा प्रयत्न केला, तर दोघांचा मिळून काला झाला.

गाईडसाहेबांनी खुर्चीला पाठ टेकली. त्यांचा चेहरा पडला होता.

"अगं, मी तोतरा आहे."

"काहीतरीच काय!"

"ऐकलंस ना तू? ताजा आवाज आहे हा. इतकी वर्षं मी तोतरं बोलतोय आणि लोक बिचारे सभ्यपणे ऐकून घेताहेत. म्हणूनच शेवटी सगळे एकच विचारतात, 'याची किल्ली कुठे आहे?' बाकीचं त्यांना समजलेलंच नसतं."

त्यांनी फोन उचलला आणि संचालकांना निरोप लिहायला घेतला: 'माझ्या नमुन्याची वाट पाहू नये. बाईंचाच आवाज योग्य वाटतो.' 'वाटतो' लिहावं की 'आहे', यावर ते अडले होते, तेवढ्यात बायकोने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"सरका जरा," ती म्हणाली आणि माइकसमोर बसली. तिने एकच वाक्य निवडलं, जे ती रोज खुर्चीसमोर उभी राहून झोपेतही म्हणू शकली असती. "तोंड उघडा, मोठं उघडा, आता जीभ आत." पण 'तोंड' मागून आलं आणि 'मोठं'ला अडकलं. "मो... मोठं उ... उघडा, आ... आता जी..."

ती थांबली. मग खो खो हसत सुटली. पळभराने स्पीकरही हसला, त्यामुळे ती आणखी हसली.

"मी तोतरी आहे?" तिने विचारलं.

"छे! तू कुठली. तुझं तर समोरच्याच्या आधी बोलून होतं."

"मग? आपलंच बोलणं उशिरा कानावर आलं की कोणाचीही गाडी अडखळणार. मेंदू वाट बघत बसतो, बाकी काही नाही." तिने माइक परत त्यांच्यासमोर सरकवला. "तुमचा आवाज बरा आहे. मला रोज ऐकू येतो ना."

"कसा ऐकू येतो?" हा प्रश्न विचारायला गाईडसाहेबांचा संसार जुना व्हावा लागला होता. ते खुर्चीतून पुढे झुकले.

"जरा पातळ. थोडा नाकातून. आणि घाई असते."

"म्हणजे सकाळचा तो माणूस..."

"तुम्हीच. सांगितलं की मी."

"इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि तुम्ही बोलत असताना मध्ये जागा कुठे मिळते?"

गाईडसाहेबांनी यावर विचार केला. आश्चर्य म्हणजे त्यांना वाईट वाटलं नाही; एखाद्या कुलपाचा आतला खिट्टीचा भाग प्रथमच पाहायला मिळावा तसं वाटलं. पातळ, नाकातला, घाईचा, पण निदान कुणाचा तरी. बाईचा तर कोणाचाच नव्हता.

"पण आता हे मागून बोलणं बंद कसं करायचं?" बायको म्हणाली. "ती टिक काढा."

"वाट आठवत नाही. उजवं बटण, मग मोअर, मग... तुझा भाऊ झोपला असेल."

"मग स्पीकरचं चाक शून्यावर आणा."

"त्या चाकाला हात लावू नकोस!" गाईडसाहेब उभे राहिले. "पुन्हा शीळ घातली म्हणजे?"

तिने दीर, नणंदा आणि डेंटल कॉलेज, तिन्ही पचवलेली होती. वाद न घालता तिने दवाखान्याची बॅग आणली आणि तिच्यातून कापसाच्या दोन पांढऱ्या वळ्या काढल्या.

"या गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवतात," गाईडसाहेब जाणकाराप्रमाणे म्हणाले.

"आज कानात ठेवायच्या."

असे दोन्ही कानांत बोळे घालून, स्वतःच्या आवाजाचा कणही कानी पडू न देता, गाईडसाहेबांनी नमुना रेकॉर्ड केला. लोहार आला, तीन चाव्या आल्या, योग्य ठिकाणी आवाज खाली गेला, निदान त्यांना तो गेल्यासारखा वाटला. बायकोने समोरून अंगठा दाखवला. उजेड असतानाच नमुना रवाना झाला. परत ऐकून पाहायचं त्यांनी टाळलं. ते शिळं झालं असतं.

सोमवारी संचालकांनी त्यांना बोलावलं. ते चक्क उभे राहिले होते.

"अहो, काय हे! तुमच्या आवाजाच्या मागे हलकाच दुसरा आवाज येतो. भल्या मोठ्या दगडी दालनात उभं राहून बोलताय असं वाटतं. बाईंच्यात ते नाहीच. बाई आपल्या खोक्यात बोलल्यासारख्या बोलतात. कसं जमवलंत?"

"सेटिंग असतं," गाईडसाहेब म्हणाले.

उरलेल्या सगळ्या कुलपांचं रेकॉर्डिंग तशाच पद्धतीने, त्याच टेबलावर, त्याच कापसात झालं. मेव्हण्याने टिक काढून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा त्याला घराच्या दारातूनच परत पाठवण्यात आलं. महिन्याअखेरीला डबे आले. त्यांत गाईडसाहेबांचा आवाज होता, पातळ, नाकातला, आणि मागे दगडी दालन. गाईडसाहेब स्वतः तिकीट खिडकीत बसू लागले, आणि लोक आत एक चक्कर मारून खिडकीशी येऊन त्यांनाच विचारू लागले, "त्या तिजोरीची किल्ली कुठे आहे हो?"

डबे चार्ज करायला तिकीट खिडकीत एकच प्लग आहे. त्याला गाईडसाहेबांचा पंखा लावलेला असतो, आणि दुपारपर्यंत डबे मुके होतात.