वायरीचं पोट

सासरे गेले आणि गॅलरीतली त्यांची मातीविना बाग माझ्याकडे आली. आडव्या पाइपांत पुदिना, खाली पाण्याची टाकी, टाकीत छोटा पंप. पंपाची वायर पाइपांखालून भिंतीवरच्या प्लगकडे जाते, वाटेत टेप गुंडाळलेला एक जोड. जोडाच्या अलीकडे सासऱ्यांनी वायर मुद्दाम लोंबती ठेवलेली.

"वायरीला पोट हवं," ते म्हणायचे. "ओघळ पोटाशी येऊन गळतो, जोडावर चढत नाही." टेपचं टोकही ते दुमडून ठेवत, पुढच्याला सोडवायला सोपं जावं म्हणून.

पण लेक आता धरून उभी राहायला लागली होती. हाताला लागेल ते तोंडात. मी वायर ताणून क्लिपांनी भिंतीला बसवली.

सकाळी क्लिपा कट्ट्यावर ओळीने मांडलेल्या. वायरीला पुन्हा पोट.

"तू काढल्यास?"

"मला बल्ब बदलता येत नाही, आणि आळ माझ्यावर," नवरा म्हणाला.

सासूबाई म्हणाल्या, "हे गेल्यापासून मी त्या गॅलरीत पाऊल टाकलेलं नाही गं."

मग मीही हट्टाला पेटले. क्लिपांना स्क्रूच मारले.

त्याच दुपारी पाइपाचा सांधा पाझरला. ताणलेल्या वायरीवरून ओघळ सरळ जोडाकडे निघाला होता, आणि लेक ओल्या फरशीवर, वायरीकडे हात करून उभी. एका हाताने तिला उचललं, दुसऱ्याने मेन स्विच पाडला.

सांधा बसवला. जुनी टेप काढून जोड सोडवला, पुसून कोरडा केला, पुन्हा जोडताना त्यावर आतून गोंद असलेली प्लास्टिकची नळी चढवली, ती तापवून आवळली, वरून टेप गुंडाळली. वायरीला पोट सोडलं, पण उंचावर, लेकीचा हात पोचणार नाही असं.

"बघा बाबा, जमलंय का," मी म्हटलं.

"कोणाशी बोलतेस?" आतून सासूबाई.

"पुदिन्याशी."

सकाळी सगळं जागच्या जागी होतं. सुटले बाई, म्हणत लेकीला कडेवर घेऊन जवळ गेले.

टेपचं टोक मी नखाने दाबून सपाट बसवलं होतं. आता ते दुमडलेलं होतं.

पुढच्याला सोपं जावं म्हणून. लेकीला घट्ट धरलं. टोकाला हात लावला नाही.