माझं लोकरीचं झबलं

मित्रांनो, मी एक जुना इन्व्हर्टर आहे. घरातल्या जिन्याखाली बसणारा नव्हे, लांबलचक ट्रेलरच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागे बसणारा. रंग उडालाय, एका कोपऱ्याला पोचा आलाय, पण पंखा अजून ठणठणीत आहे. पंख्याचं मुद्दाम सांगतो, कारण माझी सगळी गोष्ट तिथंच अडकली होती.

माझे मालक बंडप्पा, भूम तालुक्यातल्या ईटचे. सव्वीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस. पवनचक्कीची पाती माळरानावर पोचवणं हे त्यांचं काम. त्यांना दमा जडला तेव्हा डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं आणि बायकोनं, जगदेवीकाकूंनी, अट घातली. "गाडीत हे मशीन चाललं तर गाडी चालवा. न्हायतर चावी देवापुढं ठेवा." बंडप्पा गाडीशिवाय दोन दिवस घरात टिकत नसत. म्हणून माझी गरज पडली.

धाराशिवला दैवशालाताईंचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. बंडप्पांचा डोळा फळीवरच्या एका चकचकीत, दिवे लुकलुकणाऱ्या डब्यावर होता. "ह्यो द्या ताई. चहाची किटली बी चालंल."

"अप्पा, आधी चालवायचं काय ते सांगा," ताई म्हणाल्या.

वाफेचं मशीन म्हटल्यावर त्यांनी मला खाली काढलं. मी दिसायला बोजड, पण माझी वीज घरच्या विजेसारखी एकसारखी वाहते, मशीनला ती मानवते. शिवाय ट्रकच्या दोन बॅटऱ्या मिळून चोवीस व्होल्ट होतात आणि मीही चोवीसचाच. तो चकचकीत डबा बाराचा होता, पहिल्याच दिवशी त्याचा धूर निघाला असता. हे सांगताना मला थोडा आनंद होतो, खोटं कशाला बोलू?

ताईंनी बॅटरीची वायर सोडवली आणि मग कामाला हात घातला. केबल बोटाएवढी जाड आणि होईल तितकी आखूड घेतली, बॅटरीजवळच फ्यूज टाकला. मला सीटमागं चार बोल्टांनी असं बसवलं, की चारी बाजूंनी हात फिरावा. "ह्याचा पंखा मोकळा ठेवा अप्पा. अंगावर काय टाकू नका. लई तापलं की हे बंद पडतंय."

"व्हय," बंडप्पा म्हणाले.

आता जगदेवीकाकूंचं ऐका. त्यांच्या घरात मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, मोबाइलच्या चार्जरलासुद्धा पिशवी. मी तर त्यांच्या नवऱ्याचा श्वास सांभाळणार होतो. आठ दिवस बसून त्यांनी मला लाल लोकरीचं, हिरव्या काठाचं झबलं विणलं, स्वतःच्या हातानं चढवलं आणि वर कुंकवाचं बोट लावलं. बंडप्पांना ताईंचं बोलणं आठवलं असणार, कारण माझ्याकडं बघून ते दोनदा खाकरले. मग म्हणाले, "झकास दिसतंय."

मीही मनातून सुखावलो होतो. आजवर माझे लाड कुणी केले होते?

हिवाळा निभावला. चैत्रात एक पातं घेऊन आम्ही भूमला पोचलो. काकू बाजाराला आल्या होत्या, त्या ईटपर्यंत गाडीत बसल्या. वाटेत धुरळा उठला आणि बंडप्पांची छाती भरून आली. त्यांनी गाडी कडेला घेतली, दम्याच्या पंपाचे दोन दाब तोंडात घेतले, पण उतार पडेना. काकूंनी मशीन लावलं. मी सगळा जीव ओतून वीज दिली, पण झबल्याखाली पंखा आपलाच गरम वारा गिळत होता. दोन मिनिटांत मी चींचीं करून बंद पडलो. मागं पवनचक्कीचं अख्खं पातं, आणि माझ्या वीतभर पंख्याला वारा नाही. मित्रांनो, बंडप्पांच्या छातीची शिट्टी ऐकत मी गप्प पडून होतो. इतकं वाईट मला पुन्हा कधी वाटलं नाही.

काकूंनी माझ्यावर हात ठेवला आणि चटका बसून मागं घेतला. मग त्यांनी झबलं ओढून काढलं, दोन्ही दारं उघडली आणि एका हातानं मला पदराचा वारा घालू लागल्या. दुसरा हात नवऱ्याच्या पाठीवरून फिरत होता. मी निवलो. काकूंनी बटण दाबलं, मशीन घरघरलं आणि बंडप्पांचे वर चढलेले खांदे हळूहळू खाली आले.

मग काकूंनी गाडीची चावी काढून मुठीत धरली.

"ह्याला झाकायचं न्हाय, तुमाला ठाव हुतं?"

"व्हय. दैवशालाताई बोलल्या हुत्या."

"मग तुमी बोलला का न्हाय?"

बंडप्पा खाली बघत म्हणाले, "तू आठ दिस विणत हुतीस. म्या कसं म्हनू, काढ म्हनून?"

काकूंनी मांडीवरच्या झबल्याची नीट घडी घातली. "माझं मन राखायला सोताचा जीव घालवत हुता व्हय? पुन्हा असं काय लपवलं, तर ही चावी देवापुढंच जाईल." एवढं बोलून त्यांनी चावी बंडप्पांच्या तळहातावर ठेवली.

याला सात वर्षं झाली. झबलं अजून गाडीत आहे. वाफेचं मशीन काम करून निवलं, की काकूंनी शिकवल्याप्रमाणे बंडप्पा ते त्याला घालतात. मी उघडाच असतो, काकूंनी नंतर माझ्याच कपाळी लावलेलं कुंकवाचं बोट तेवढं आहे.

मित्रांनो, माझ्या जाळीवरची धूळ झटकत जा, माझ्या वायरी सैल होऊ देऊ नका, एवढं केलंत तरी मी भरून पावलो. आणि ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याच्या अंगावर अधूनमधून हात ठेवून बघा. तो तोंडानं झकास म्हणेल, पण हाताला खरं कळतं. काकू आजही गाडीत चढल्या की आधी माझ्यावर हात ठेवतात, मग बंडप्पांच्या पाठीवर. दोन्हीकडं ठीक लागलं, की मगच खाली उतरतात.