तोंडात रीड असताना

"रीड तोंडात असली की बोलायचं नाही. आधी ती नीट भिजू दे."

फिट्झरॉय मास्तरांना जाऊन वर्षं लोटली, पण सॅक्सोफोन जोडताना कार्लीनला त्यांचा आवाज हटकून ऐकू यायचा. वेताची ती चपटी पात जिभेवर धरून ती मुकाट बसे. डोक्यात नव्या चालीची चक्रं फिरत असत, आणि समोरचा काहीही विचारो, ती मान डोलवून मोकळी होई. लंडनच्या पेकहॅम भागातल्या साऱ्या वादकांना हे ठाऊक होतं. ड्रम वाजवणाऱ्या क्वेसीने तिचं पिवळं जाकीट असंच लाटलं होतं.

शनिवारी दुपारी तालमीच्या खोलीत व्हर्ना आत्या अवतरली. कार्लीनला लहानाची मोठी करण्यात जिची उमर गेली, ती ही आत्या. उद्या, सदुसष्टाव्या वर्षी, बोहल्यावर चढणार होती!

"मी चर्चमध्ये शिरताना तू केलेली चाल वाजवशील ना गं?"

मान डोलली. आत्या पसार.

क्वेसी हसून लोळायचा बाकी राहिला. "अगं बाई, तुझ्या सगळ्या चाली सात मात्रांच्या! नवरी चालणार की लंगडी खेळणार?"

कार्लीनने घाईने रीड काढली. "मी हो म्हटलं?"

"देवाला साक्षी ठेवून!"

आत्याने आजवर कधी काही मागितलं नव्हतं. नाही म्हणायला जीभ कशी रेटणार? संध्याकाळपर्यंत कार्लीनने चार मात्रांत नाना चाली रचल्या. सगळ्या साबणाच्या जाहिरातीसारख्या! शेवटी सॅक्सोफोन गळ्यात अडकवून तिने आत्याचं स्वयंपाकघर गाठलं. कढईत केळ्यांचे काप तळले जात होते.

"आत्या, जरा चालून दाखव."

"तळण टाकून? डोकं फिरलंय का तुझं?"

"चाल गं!"

झारा फुलांच्या गुच्छासारखा धरून आत्या तोऱ्यात निघाली. उजवं पाऊल झटकन पडे; डावं मात्र, गुडघ्याची मनधरणी करत, जरा रेंगाळून. कार्लीन बोटांनी ताल धरू लागली. तीन, चार. तीन, चार.

"आत्या! अगं, तू सातात चालतेस!"

"मी संधिवातात चालते, गधडे!"

पण सूर सुरू झाला तशी तिची कंबर डुलू लागली. फ्रिजपासून दारापर्यंत, दारापासून फ्रिजपर्यंत! परसात खुर्च्या मांडत असलेला नवरा मुलगा, लासेल्सकाका, बाहेरून ओरडला, "मीही येऊ का नाचायला?"

"खबरदार!" दोघी एकदम किंचाळल्या. केळी करपली, आणि दोघी पोट धरून खाली बसल्या.

हसू ओसरलं तेव्हा आत्या हळूच म्हणाली, "आणि मधेच गुडघा अडला तर? सगळं चर्च बघत असेल गं."

"तू थांबलीस तर सूर थांबेल. तू निघालीस की निघेल. माझा शब्द."

रविवारी सकाळी घरात टोप्यांचा, फुलांचा, इस्त्रीचा कल्लोळ उडाला. वरच्या खोलीतून आत्याची गुणगुण येत होती. कार्लीनने सॅक्सोफोनची पेटी उचलली, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि नवरीच्या आधी पोचायला म्हणून ती चर्चच्या वाटेला लागली.