शेवटचा मंगळवार

“आधी तिला सोडा, आजी.” अंजलीने पिशवी उंबऱ्यातच ठेवली.

लुगड्याच्या पट्टीचं एक टोक खाटेला बांधलेलं होतं, दुसरं नऊ वर्षांच्या मोनिकाच्या कमरेला.

“सोडते की,” अंबुबाई म्हणाली. “मंग सांजपत्तूर तुमी बसता का? परवा नात कंटेनरच्या म्होरं जाऊन हुबी ऱ्हायली. डायवरनं बिरेक मारला म्हणून हाय.”

अंजलीने गाठ सोडली. चाकणच्या आसपासच्या बावीस गावांना ती एकटीच विशेष शिक्षिका. एका लेकराच्या वाट्याला आठवड्यातून एक तास; मोनिकाचा मंगळवारी. मोनिकाला ऑटिझम आहे, हे तिनेच या घराला सांगितलं. तोवर दोन देवऋषी होऊन गेले होते.

आठ महिन्यांत मोनिका एकच गोष्ट शिकली होती. तहान लागली की भिंतीवर डोकं आपटायचं नाही, पेल्याचं चित्र हातात द्यायचं.

मोनिकाची आई, स्नेहल, कंपनीच्या गणवेशातच धापा टाकत आली. “हाफ डे टाकला, मॅडम. फोनवर काहीतरी सांगायचंय म्हणालात?”

“माझं कंत्राट संपलं. आज शेवटचा दिवस.”

“मग दुसऱ्या बाई?”

“अजून कुणाला नेमलेलं नाही.”

स्नेहल मोनिकाशेजारी जमिनीवर बसली. “तुमच्याकडं बघायला तिला पाच महिने लागले. माझ्याकडं तर ती अजून बघत न्हाई.” मग एकदम म्हणाली, “मला शिकवा. आज. सगळं.”

अंजलीने चित्रं मांडली. मोनिकाने पेल्याचं चित्र उचललं. स्नेहलने हात पुढे केला. तो ओलांडून मोनिका अंजलीकडे गेली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदाही. शेवटी अंजली बाहेर जाऊन दाराआड उभी राहिली. मोनिकाने खोलीभर तिला शोधलं. चित्र खाली पडलं, आणि डोकं भिंतीवर आपटायला लागलं.

स्नेहलने तिला मिठी मारली. मोनिका तिच्या गळ्याला ओरबाडून सुटली.

“धरू नका! हात मध्ये घाला,” अंजली बाहेरून ओरडली.

स्नेहलने डोकं आणि भिंत यांच्यामध्ये तळहात घातला. भिंतीला गिलावा नव्हता. दोन-तीन दणक्यांत बोटांच्या पेरांची सालं निघाली. अंजलीने उंबऱ्यात पाय टाकला.

“आत येऊ नका, मॅडम.” स्नेहलने वळूनही पाहिलं नाही. “तुम्ही दिसलात की ती तुमच्याकडंच येणार. जावा तुम्ही.”

अंबुबाईने पदर तोंडाला लावला.

अंजली अंगणात आली. आत स्नेहल पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, “पाणी, मोना? पाणी पायजे?” मध्येच हातावर आपटणाऱ्या डोक्याचा दबका आवाज.

अंजलीने किल्ली लावली आणि थांबली. तिच्या स्कूटीचा आवाज मोनिकाला ओळखू येत असे. किल्ली काढून तिने स्कूटी स्टँडवरून उतरवली आणि थेट डांबरी रस्त्यापर्यंत हाताने ढकलत नेली.