उशीची नाडी

त्या महिन्यात आमच्या गल्लीतले लोक बसल्या जागी पेंगायला लागले. कालवांची भजी तळणारा लिम कढईसमोर घोरला आणि भज्यांचा कोळसा झाला. न्हावी त्साय गिऱ्हाईकाचं अर्धं डोकं भादरून झोपला. गिऱ्हाईकही आमचंच औषध घेणारं, त्यामुळे तक्रार आली नाही.

आमचं म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, वैद्य क्वोचं. ताइनान शहरात वडिलांपासूनचं दुकान. दादा नाडी बघतो, मी खणांतून औषध काढून तोलते. पण हल्ली एकच खण उघडत होता: झोप आणणाऱ्या आंबट बोराच्या बियांचा. जो येईल त्याची नाडी दादाला उधळलेली लागायची. "नसा ताणल्यात. मन निवायला हवं." चिठ्ठीही मीच लिहायची, त्याला म्हणे चष्मा सापडत नव्हता.

मग शिऊमेइ आली. मयताला पैसे घेऊन रडणारी.

"वैद्यदादा, काल मला रडूच आलं नाही."

"मग गुण आला म्हणायचा."

"कसला गुण? शवपेटीपर्यंत गुडघ्यांवर रांगत गेले, माइक तोंडाशी धरला आणि जांभई दिली. अख्ख्या मांडवात घुमली. म्हाताऱ्याचा मुलगाच हसला. आता मला बोलावणार कोण?"

दादानं तिचं मनगट नाडी बघायच्या छोट्या उशीवर घेतलं, तीन बोटं टेकवली, डोळे मिटले. "अजून उधळलेलीच आहे. शूझेन, बिया वाढव."

तिचा हात सुस्त पडला होता. तरी तिचं जेडचं कडं टेबलावर टकटक वाजत होतं. मी दादाच्या बोटांकडे बघत राहिले.

"दादा, तिचा हात काढ. नुसत्या उशीवर बोटं ठेव."

"काहीतरीच काय?"

"ठेव तर."

त्यानं ठेवली. भाताच्या तुसाची उशी. डोळे मिटले. डोळे उघडले ते माझ्याकडे बघेनात.

"उशीचीही उधळलीय," तो म्हणाला.

शिऊमेइ हसायला गेली आणि थांबली.

"दादा, हात कधीपासून थरथरतोय?"

"नव्या वर्षापासून."

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगून काय, पाटी उतरवायची? नाडीशिवाय मला येतं काय दुसरं?"

"मोठ्या इस्पितळात जाऊ. तिथं हात बघतील."

"आणि हे सगळे? लिम, त्साय? यांची नाडी कोण बघणार?"

वडिलांनी नाडी त्याला दिली, मला तराजू. चाळीस वर्षं मी फक्त मागे उभी राहून ऐकलं होतं.

दादा खुर्चीतून उठला. मला बसवलं, माझी बोटं धरून शिऊमेइच्या मनगटावर ठेवली. "आणखी हलकी. काय लागतं?"

सगळं थरथरत होतं.

"आधी तू हात सोड," मी म्हटलं.

सोडवेना त्याला. मग सोडला.

खाली कुठंतरी, दमानं, एक ठोका लागला. दुसरा येईपर्यंत शिऊमेइ झोपली होती.