लोरेटाचं काचेचं भांडं

"बंद कर ते! बघवत नाही," म्हणत सुवर्णाने अनिकाच्या हातातून रिमोट ओढून घेतला, पण टीव्ही बंद केला नाही.

मालिका भुताची होती. जुन्या काळातलं अमेरिकन उपनगर, गोऱ्यांच्या वस्तीत राहायला आलेलं एक कृष्णवर्णीय कुटुंब. तळघरातल्या भुताचं सुवर्णाला काही वाटत नव्हतं. तिची नजर खिळली होती समोरच्या घरातल्या गोऱ्या बाईवर. ती बाई शिव्या देत नव्हती, दगड मारत नव्हती. बाकीचे खिडक्या फोडू लागले की नुसता पडदा ओढून घेत होती.

"शी इज द वर्स्ट वन," अनिका म्हणाली.

लेक हॉस्टेलवरून कालच आली होती, तिला काही माहीत नव्हतं. पंधरवड्यापूर्वी शेजारच्या लोरेटाचा भाऊ गाडीत बसून बहिणीची वाट बघत होता. 'कुणी काळा माणूस फिरतोय' म्हणून गल्लीतल्या कुणीतरी पोलीस बोलावले. भर दुपारी त्याला हात वर करून गुडघ्यांवर बसवलं. इथे अमेरिकेत, ट्रॉय शहरातल्या बर्फात रुतलेली सुवर्णाची गाडी त्यानेच ढकलून दिली होती. 'मी ओळखते याला', एवढंच बाहेर जाऊन म्हणायचं होतं. पण नवऱ्याने, विनयने, दंड धरला.

"कशाला हात दाखवून अवलक्षण? आपण व्हिसावर आहोत, यार!"

आणि तिने मुकाट्याने खिडकीचे ब्लाइंड्स ओढून घेतले. तेवढ्यात धावत बाहेर आलेल्या लोरेटाने तिच्या खिडकीकडे पाहिलं होतं.

त्याच्या आधीपासूनच लोरेटाचं काचेचं भांडं ओट्यावर पडून होतं. सुवर्णाचा पाय मुरगळला तेव्हा लोरेटाने त्यातून मॅक अँड चीज, चीजमधला पास्ता, आणलं होतं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आईची शिकवण. आधी पाय दुखत होता म्हणून राहिलं, मग तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून. स्वतःचाच इतका संताप आला की ती ताडकन उठली आणि रवा भाजायला घेतला.

"वरातीमागून घोडं," विनय पुटपुटला. "आता काय बोलणार तिला?"

"तेव्हा बोलायला हवं होतं ते!"

लोरेटाच्या दारावरच्या बेलला कॅमेरा होता. गरम शिऱ्याने भरलेलं तेच भांडं घेऊन सुवर्णाने बटण दाबलं. आत पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. दार उघडलं नाही.

"आय नो युअर ब्रदर," सुवर्णा बंद दाराला म्हणाली. "आय सॉ. आय शुड हॅव कम आउट. आय ॲम सॉरी."

मग बेलमधून लोरेटाचा दमलेला आवाज आला.

"आय नो यू सॉ. कीप द डिश, सुवर्णा."

तिचं नाव गल्लीत नीट उच्चारणारी लोरेटा एकटीच होती.

घरी आली तेव्हा मालिका चालूच होती. "दे वेरन्ट होम?" अनिकाने विचारलं.

विनयने घाईघाईने 'नव्हतेच' अशी मान हलवली. सुवर्णाने टीव्ही बंद केला, ब्लाइंड्स वर केले आणि गरम भांडं मांडीवर घेऊन लेकीशेजारी बसली.

"होती," ती म्हणाली. "तुला त्या पडद्याआडच्या बाईचा राग आला ना? मग ऐक."