सागवानी कंटेनर

१९७३च्या जानेवारीत हँबुर्गहून पत्र आलं, की यापुढे माल सुट्या पोत्यांत पाठवू नये, कंटेनरमध्ये भरून पाठवावा. आमच्या कारखान्यात कोणी समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. मी पाहिला होता, एकदाच, आणि तेव्हा ओहोटी होती.

दुलीचंद शेठच्या बालाघाटच्या लाखेच्या भट्टीत इंग्रजी पत्रं लिहिणं हे माझं काम. बाकीचं काम डोमाजीचं. जंगलातली लाख लांब कापडी पिशवीत भरून विस्तवासमोर पिळायची आणि वितळून निघालेला गरम लगदा डोमाजीने दोन्ही हात, दोन्ही पाय आणि शिल्लक असलेले दात वापरून चादरीएवढा ताणायचा. गार झाला की तोडून पापड्या करायच्या आणि पोत्यात भरायच्या. अशी हाताने ताणलेली लाख घेणारं आमचं एकच गिऱ्हाईक उरलं होतं, ते हँबुर्गचं. तेही चिडलेलं. सुएझ कालवा बंद होऊन सहावं वर्ष चालू होतं, जहाज अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जाई, आणि त्या उकाड्यात मागच्या खेपेला प्रत्येक पोत्यातल्या पापड्या एकमेकींना चिकटून एकेक धोंडा झाला होता.

"गुणाकरजी, ये आखरी मौका है," शेठ म्हणाले. "या वेळी माल बिघडला तर भट्टी बंद. मी राइस मिल टाकतो."

डोमाजी दारातच उभा होता. "मंग मी काय ताणू शेठजी, तांदूळ?"

पत्रासोबत छापील कागद होता. लांबी वीस फूट, रुंदी आठ, उंची आठ. माल भरून पाठवणाऱ्यानेच सील करावं. चित्रही होतं, पण टपालात भिजून काळं पडलेलं. त्यात एक खोका आहे एवढं कळत होतं. कशाचा, ते लिहिलं नव्हतं. आता बालाघाटच्या माणसाला वीस फुटी खोका दाखवून तो कशाचा म्हणून विचारलं, तर तो विचारणाऱ्याची कीव करेल. सागाचा. दुसरा कशाचा असणार?

मी रीतसर पत्र टाकलं, की कंटेनर कोणी पुरवायचा. उत्तराला दीड-दोन महिने लागणार होते. जहाज होतं वीस मार्चचं. त्यानंतर ऊन तापलं की लाख पाठवणं आणि लोणी पाठवणं सारखंच. शेठ थांबायला तयार नव्हते. त्यांनी पुनाराम मिस्त्रीला बोलावलं.

पुनारामने पंधरा दिवसांत कंटेनर उभा केला आणि त्याला एक खिडकी ठेवली.

"काहून?" मी विचारलं. "कागदावर खिडकी नाही."

"म्हणूनच तं त्याईचा माल बिघडते, बाबू. हवा नको का लागाले?"

मी इंग्रजी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

रिकामा कंटेनर बैलांच्या चार जोड्यांनी स्टेशनात ओढत नेला. तिथे दीडशे पोती भरली. शेठनी लांब बाजूवर शेंदराने शुभ-लाभ लिहिलं, नारळ फोडला, दाराला लाखेचंच सील लावलं. मग स्टेशनमास्तर आले आणि त्यांनी छत्रीने कंटेनर मोजला.

"गुणाकरराव, ही छोटी लाईन आहे, अडीच फुटी रुळांची," ते म्हणाले. "तुमच्या खोक्यात माझी वॅगन बसेल. वॅगनीत खोका बसायचा नाही."

शेठ माझ्याकडे बघायला लागले. रूळ मीच अंथरले असावेत अशा नजरेने.

शेवटी पोती उतरवली आणि पुनारामने स्वतःच्याच कंटेनरला करवत लावून तीन तुकडे केले. आडवे फिरवले की तुकडे बसत होते. 'शुभ' एका वॅगनीत गेलं, 'लाभ' दुसरीत. गोंदियाला बडी लाईन लागते. तिथे पुनारामने पुन्हा खिळे ठोकले आणि पोती पुन्हा आत गेली. बंदरावर माल पोचला त्या दिवशी सतरा मार्च होता. जहाजावर माल चढवून देणाऱ्या आमच्या एजंटाची तार आली: "कंटेनर लोखंडी लागतो. खिडकी कशासाठी?"

एजंट भला माणूस. त्याने खटपट करून जहाज कंपनीचा खरा, लोखंडी कंटेनर मिळवला, पोती त्यात भरली, सील केलं. शेठनी पेढे वाटले. डोमाजीने दोन घेतले.

वीस मार्चला जहाज आलं नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आलं, पण धक्का रिकामा नव्हता. वळसा घालून उशिरा आलेली सगळी जहाजं रांगेत उभी होती. धक्का मिळाला त्या दिवशी गोदी कामगारांनी संप केला. चाळीस माणसांचं काम हा एक खोका खातो, म्हणून त्याला हात लावणार नाही, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं होईपर्यंत आमचा कंटेनर एप्रिलच्या उन्हात उभा होता. त्याला खिडकी नव्हती.

मे महिन्यात एजंटाचं पत्र आलं. जहाज आपला खोका न घेताच गेलं. कंटेनर उघडला आहे, पण रिकामा होत नाही. दीडशे पोत्यांचा मिळून एकच ढेप झाली असून ती भिंतींना चिकटली आहे. कंपनी कंटेनर परत मागते. संपवाल्या कामगारांपैकी साठ जण पाळीपाळीने पहारी घेऊन आत शिरत आहेत आणि त्यांना आठ दिवसांचं काम मिळालं आहे. कंटेनरविषयी त्यांचं मत आता बरंच निवळलं आहे.

ढेकळं परत आली. छोट्या लाईनच्या वॅगनीत बरोबर बसत होती. शेठ त्या ढिगाभोवती एक चक्कर मारून आले.

"बंद करतो," ते म्हणाले. "आजच."

डोमाजीने एक ढेकूळ उचलून नखाने वाजवलं. "करा ना. पण हे असं कोण घेईन? इकाचं असन तं पयले वितळवा लागन, मंग ताणा लागन. सालभराचं काम आहे."

शेठनी ढिगाकडे पाहिलं, मग डोमाजीकडे.

"मिल पुढच्या साली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. त्याच दिवशीच्या टपालाने हँबुर्गचं उत्तर आलं, माझ्या जानेवारीतल्या पत्राचं. कंटेनर आम्ही पुरवू. आपण फक्त माल थंड जागी ठेवावा. बाहेर शेहेचाळीस डिग्री होती. मी डोमाजीला वाचून दाखवलं.

"लिहा त्याईले," दातांत लाखेची कड धरून तो म्हणाला, "ठेवतो म्हणा."